उत्तन, चौथी फेरी: हळद उतरली एकदाची

उत्तनच्या किनाऱ्यावर भाचीचे पहाटेचे फोटो काढायला चार पहाटा घोडबंदर रोड तुडवल्यावर फोटोत तिचा चेहरा अखेर माणसाच्या रंगाचा आला.

आपल्याकडे सूर्य समुद्रातून नाही, गावामागून उगवतो, हे रडगाणं मागे गाऊन झालंय. ऊन आलं की ती डोळे बारीक करते. म्हणून मी सूर्योदयाआधीची पंधराएक मिनिटं धरलीत. तेव्हा पश्चिमेला पाण्यालगत निळसर-करडी पट्टी असते, ती पृथ्वीची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा. मला तो पट्टा मागे हवाय.

पण त्या उजेडात चेहरा निळा पडतो. जो तो सांगतो फ्लॅशला जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा, म्हणून हाफ सीटीओ लावला, म्हणजे उजेड उबदार करणारा मध्यम नारिंगी जेल. भाची स्क्रीन बघून म्हणाली, "मामा, लग्न वैशाखात आहे, हळद आत्ताच लावलीस?" व्हाइट बॅलन्स (फोटोचा एकूण रंग निळा-पिवळा करणारी सेटिंग) खाली ओढून चेहरा सावरला, तर गुलाबी पट्ट्याची निळी शाई झाली. दुसऱ्या फेरीत त्याहून फिका क्वार्टर सीटीओ लावला. रड तीच, आवाज थोडा कमी. तिसऱ्या फेरीला अष्टमी होती हे बघितलंच नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, म्हणजे आठाची पाऊणपट, सहाला पूर्ण भरती. उभं राहायला वाळूच नाही.

घरी बसून विनाफ्लॅशची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडली आणि गालाचा रंग नीट होईपर्यंत व्हाइट बॅलन्सचा स्लायडर ओढत गेलो. 8000 केल्विन ओलांडले! (आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा.) बिनजेलचा फ्लॅश साधारण 5500चा, म्हणजे तिथे तो मुळातच उबदार. जेलची ती कृती संध्याकाळच्या सोनेरी उजेडाची, आणि मी ती पहाटे रांधत होतो.

पौष वद्य द्वितीयेला जेल घरीच ठेवून गेलो. व्हाइट बॅलन्स 6000, एफ 2, 1/125, आयएसओ 640, छोट्या पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश पूर्ण ताकदीच्या 1/64 वर. पहिल्याच फ्रेमला मी ओरडलो, जाळी आवरणारे दोघे वळून बघायला लागले. शिवाय ओहोटी असल्यामुळे ओल्या वाळूचा उजेड हनुवटीखाली फुकट मिळाला. स्टँडला वजन म्हणून बाजारातल्या सँडबॅगा घेऊ नका, किनाऱ्यावर भाजीची पिशवी वाळूने भरून टांगा. फ्लॅश उडवणारा स्वस्त ट्रिगर मात्र दर चौथ्या फ्रेमला दगा देतो, तो बदलणार.

पुढच्या वेळी उलटा, म्हणजे निळा जेल, क्वार्टर सीटीबी, लावून बघणार होतो. पण हे लिहिता लिहिता फोटो पुन्हा बघतोय तर वरच्या कोपऱ्यात फ्रेमच्या कडेने अर्धा कापलेला चंद्र! पौर्णिमेला तो सूर्योदयाच्या सुमारास मावळतो, म्हणजे थेट गुलाबी पट्ट्यातच सापडेल. सीटीबी राहू दे. 85 मिमीच्या लेन्सवर चंद्र ज्वारीच्या दाण्याएवढा दिसेल, 200ची लेन्स काढावी लागेल आणि बरंच मागे जावं लागेल. ओहोटी त्या दिवशी लवकर, सातला पाणी चढायला लागलेलं असेल, तेव्हा जागा आधी हेरून ठेवायला हवी.

माघी पौर्णिमेला पुन्हा पाचचा गजर, हे भाचीला अजून सांगितलेलं नाही.