बाईंची पेटी आणि माझे बीटल्स

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि लगेच डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या गायनाच्या बाई. मैदान, प्रयोगशाळा, स्नेहसंमेलनं यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला बाईंबद्दल लिहायचं आहे, आणि माझ्या बाबतीत बाईंबद्दल लिहायचं म्हणजे बीटल्स या इंग्लंडमधल्या वाद्यवृंदाबद्दल लिहावं लागतं. ज्यांनी बाईंना फक्त प्रार्थनेला पेटीवर बसलेलं पाहिलं, त्यांना याचं नवल वाटेल.

आठवीत असताना मावसभावाने मला एक कॅसेट दिली. बीटल्स १९७० मध्येच फुटले होते, त्यामुळे मी ज्यांच्या प्रेमात पडलो तो वाद्यवृंद तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्याने काहीच फरक पडला नाही. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, रिंगो स्टार ही नावं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. इंग्रजी शब्द धड कळत नसत, म्हणून गाणी ऐकून ऐकून देवनागरीत उतरवायचो आणि तोंडपाठ करायचो. मिळेल तिथून माहिती गोळा करायची: रिंगो सगळ्यांत शेवटी, १९६२ च्या ऑगस्टमध्ये आला. पहिल्या अल्बममधल्या १४ गाण्यांपैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली, आणि लेननचा घसा बसलेला असल्यामुळे सगळ्यांत ओरडून म्हणायचं गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं. हे सगळं मला कुणाला तरी सांगायचं असायचं आणि वर्गात ऐकणारं कुणी नव्हतं.

एकदा गायनाच्या तासाला बाई भूप राग शिकवत होत्या. शेवटच्या बाकावर माझा पाय दुसऱ्याच ठेक्यात हलत होता आणि ओठ मिटून मी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वुड' गुणगुणत होतो. बाईंनी भाता थांबवला.

"काय म्हणतोयस? मोठ्यानं म्हण."

वर्ग हसायला लागला. बाईंनी नुसतं पाहिलं, हसू थांबलं. मी उभा राहून शब्दांशिवाय चाल म्हटली. बाईंची बोटं पेटीवर माझ्या मागे मागे येऊ लागली. एका जागी त्या अडल्या, पुन्हा म्हणायला लावलं आणि मग त्यांचा चेहरा खुलला. "अरे, निषाद कोमल आहे. हा खमाज थाट झाला. पुढे म्हण." थाट म्हणजे रागामागची सुरांची चौकट. मी मधला भाग म्हटला. "बघ, इथे गांधार उतरला. खमाजातून काफीत गेला आणि पुन्हा परत आला. कुणी केलीय ही चाल?"

मी चौघांची नावं सांगितली. त्यांनी ती फळ्यावर लिहिली, खाली सहा मात्रांचा दादरा मांडला, धा धी ना, धा ती ना, आणि सगळ्या वर्गाला बाकावर ठेका धरायला लावला. पोरं ठेका देताहेत, बाई पेटीवर आहेत आणि मी उभा राहून माझं गाणं म्हणतोय. शाळेत मला पुढे बक्षिसं मिळाली, त्यांतलं एकही मला इतकं लख्ख आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट आणायला सांगितली. स्नेहसंमेलनासाठी घेतलेला टेपरेकॉर्डर गायनाच्या खोलीत होता, त्याच्यावर मधल्या सुट्टीत आम्ही ते गाणं ऐकलं. सतार सुरू होताच बाई पुढे सरकून बसल्या. "हात शिकाऊ आहे, पण वाद्य योग्य जागी आणलंय." किती अचूक कान! हॅरिसनची सतारीशी ओळख १९६५ मध्ये त्यांच्या एका चित्रपटाच्या सेटवर झाली, त्याच वर्षी त्याने ती या गाण्यात वाजवली आणि पंडित रविशंकरांकडे शिकायला सुरुवात केली ती १९६६ मध्ये. म्हणजे बाईंनी ऐकला तो खरोखरच तालमीआधीचा हात होता. हे मी फार नंतर वाचलं. बाईंनी ते नुसतं ऐकून सांगितलं होतं.

तेव्हापासून मला वेगळाच गृहपाठ मिळू लागला. "आवडलं हे नको सांगूस. काय आवडलं ते सांग." गाण्याचा सा, म्हणजे आधाराचा स्वर, शोधायचा, मात्रा मोजायच्या, कोणतं वाद्य कुठे येतं आणि कुठे थांबतं ते लिहून आणायचं. 'यस्टरडे' या गाण्यात ठेका कोण धरतंय, असं त्यांनी विचारलं आणि घरी ऐकताना लक्षात आलं की ड्रम्स नाहीतच. एक गिटार, दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि मॅकार्टनीचा आवाज. बाकीचे तिघे त्यात नाहीतच! वाद्यवृंदातल्या तिघांनी एका गाण्यासाठी बाजूला बसायचं, हे बाईंना फार भावलं. गाण्याला काय हवंय ते आधी, आपल्याला काय येतं ते मागाहून, असं त्या म्हणाल्या.

हॅरिसनचं १९६७ चं 'विदिन यू विदाउट यू' मिळालं, तेव्हा सोळा मात्रांचा तीनताल चालू असता असता मधल्या वाद्यांच्या तुकड्यात मात्रा १० भरायला लागल्या. मी पुन्हा पुन्हा बोटं मोजली आणि धावत गायनाच्या खोलीत गेलो. "झपताल!" एवढंच म्हणालो. बाईंनी पाठीवर थाप दिली. त्या थापेवर मी कितीतरी दिवस चालत होतो.

दहावीला गायनाचा तास नव्हता. अभ्यास, जादा तास, सराव परीक्षा, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्या डिसेंबरात, १९८० साली, न्यूयॉर्कमध्ये लेननला त्याच्या घराच्या दारातच गोळ्या घातल्या. रेडिओवर बातमी ऐकली आणि मला रडू आवरेना. ज्या माणसाची भाषाही मला पुरती येत नव्हती, त्याच्यासाठी का रडतोय, हे घरात कुणाला समजावून सांगणार? शाळेत शिपाईमामा बोलवायला आले, "बाईंनी गायनाच्या खोलीत बोलावलंय." बाईंपुढे वर्तमानपत्र होतं. "चाळीसच वर्षांचा होता रे," त्या म्हणाल्या. मग पेटीवरचं फडकं काढलं, पट्टी माझ्या फुटलेल्या आवाजासाठी खाली घेतली आणि म्हणाल्या, "म्हण." चाल लेननचीच होती. आठवीत म्हटलेलीच. मी म्हटली.

मोठी माणसं पोरांच्या अशा वेडाला हसतात. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या वेडाला शिस्त लावली आणि माझं दुःख दुःख म्हणूनच मानलं. त्या वयात याहून मोठं देणं कोणतं असतं, मला माहीत नाही.

आज मी ध्वनिमुद्रक आहे. मोठमोठ्या गवयांच्या, वादकांच्या मैफली मी मुद्रित केल्या आणि अजूनही प्रत्येक वेळी आधी सा शोधतो. लंडनला कामासाठी गेलो तेव्हा बीटल्सची गाणी जिथे मुद्रित झाली, त्या ॲबी रोडच्या स्टुडिओसमोर जाऊन उभा राहिलो. सोबतचे लोक बीटल्सच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर दिसणाऱ्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर फोटो काढत होते. मला आठवत होता तो फळा आणि त्यावरचा दादरा.

बाई निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना बीटल्सचं 'दि इनर लाइट' ऐकवलं. हे गाणं आमच्या जुन्या कॅसेटवर नव्हतं. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन त्याने त्याचं वाद्यसंगीत मुद्रित केलं. आवाज नंतर लंडनला चढवला. बासरी ऐकताच बाईंनी "हरिप्रसाद!" म्हणून बोट वर केलं. आणि मग लगेच, "पेटी आहे यात! पुन्हा लाव." पेटीसाठी त्यांनी ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. बीटल्सच्या गाण्यात आपली पेटी आहे याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला. बाई आता नाहीत.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. गायनाच्या खोलीत संगणक आहेत, ते हवेतच. पण गायनाचा तास वेळापत्रकात दिसला नाही आणि प्रार्थना ध्वनिवर्धकावर मुद्रित केलेली लागते. मी आयुष्यभर ध्वनिमुद्रण केलं, तरी सांगतो, प्रार्थनेला पेटीवर माणूस हवा. कुठल्या तरी शेवटच्या बाकावर आजही एखादी मुलगी किंवा मुलगा कुठल्या तरी वाद्यवृंदासाठी वेडा झालेला असणार, आणि त्याला "मोठ्यानं म्हण" असं सांगणारं कुणीतरी शाळेत असायला हवं.

महोत्सव समितीला माझी विनंती आहे. पेटी, तबला-डग्गा आणि तंबोरा मी देतो, गायनाच्या शिक्षकांच्या पहिल्या वर्षाच्या मानधनाची जबाबदारीही घेतो. बाईंच्या जुन्या पेटीचा भाता फाटला आहे असं कळलं, ती दुरुस्तीला माझ्याकडे पाठवा. तास आठवीपर्यंत नको, दहावीपर्यंत ठेवा.

(माजी विद्यार्थी, दहावी १९८१)