मांडीतनं का नाही?

"छाती न उघडता मांडीतनंच करा की, डॉक्टर!" खानापूर असो की निपाणी, पोराच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र आहे असा इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद हातात पडला की पालकांचं हे ठरलेलं: छिद्र बुजवा, पण मांडीतनं. शेजारच्या पोराचं तसंच झालेलं असतं. नाही म्हटलं की आम्हाला पैसा काढायचाय, असा संशय. इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

छिद्र किती मोठं, हे सगळे विचारतात. काठ, म्हणजे छिद्राभोवती उरलेला पडदा, किती, हे कुणीच नाही. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या मधोमध छिद्र असलं आणि भोवती साधारण ५ मिमी काठ असला, तर मांडीच्या शिरेतून नळी नेऊन नायटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचं, छिद्र बुजवणारं डिव्हाइस बसवता येतं. दोन चकत्या, मध्ये कंबर. डावी चकती डाव्या कप्प्यात उघडायची, पडद्याला टेकेपर्यंत ओढायची, मग उजवी. खरी कसोटी त्यानंतर. डिव्हाइस अजून केबलला स्क्रूनं जोडलेलं असतं. ते हलकेच पुढेमागे करून बघायचं. अन्ननलिकेतल्या इकोवर प्रत्येक काठ चकत्यांच्या मध्ये आलाय का, झडपेला काही घासत नाही ना, हे तपासायचं. शंका आली तर सगळं परत नळीत ओढून घेता येतं. केबल फिरवून सोडलं की ती सोय संपली. महाधमनीकडचा काठ तोकडा असला तरी बहुतेकदा निभतं. खालच्या महाशिरेकडचा नसेल तर डिव्हाइसला टेकायलाच जागा नाही. ते निसटून उजव्या कप्प्यात, नाहीतर फुप्फुसाच्या धमनीत जातं. फासा टाकून ओढता आलं नाही तर छाती उघडावीच लागते, तीही घाईत.

मग ऑपरेशनच करायचं, तर छातीच्या मधोमध न कापता बगलेतला ४-५ सेंमीचा छेद? हात खाली असला की दिसत नाही, हे खरं. पण हृदय-फुप्फुसांचं काम तेवढा वेळ करणारं हार्ट-लंग मशीन तेच, हृदय थांबवणंही तेच. लहान मुलाच्या मांडीतल्या रक्तवाहिन्या मशीनच्या नळ्यांना पुरत नाहीत, म्हणून त्याही बहुधा त्याच छेदातून. जागा अपुरी, रक्तस्राव आवरणं कठीण.

"पोरीच्या लग्नात वण दिसला तर?" यावर पूर्वी मी चिडायचो: जीव मोठा की वण? आता चिडत नाही, वण तिलाच वागवायचाय. तरी बगलेतूनच कराच, असंही तोंडातून निघत नाही. स्तनाखालचा छेद मात्र लहान मुलीला नकोच. पुढे त्या बाजूची वाढ खुंटू शकते.

येताना इकोच्या कागदावर 'आयव्हीसी रिम'समोर (म्हणजे खालच्या महाशिरेकडच्या काठासमोर) काय लिहिलंय ते बघा. कोरं असेल तर आधी लिहून घ्या.