रेघेवरचा हायड्रोजन

रविवार, रात्री साडेअकरा

संध्याकाळपासून एकाच गणिताशी बसले आहे. सगळं विश्व म्हणजे एक सरळ रेघ, असं धरायचं. स्थितिज ऊर्जेचं सूत्र मात्र आपलंच ठेवायचं, एक भागिले अंतर. मग अणुकेंद्राच्या जागी तरंगफलन (इलेक्ट्रॉन कुठे सापडू शकतो हे सांगणारी लहर) शून्य होतं आणि इलेक्ट्रॉनला पलीकडे जाताच येत नाही. बाजूने वळसा घालायला जागाच नाही!

हायड्रोजनची ऊर्जा काढली तर उणे 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे आपल्या हायड्रोजनइतकीच. अंगावर काटा आला. पण या अणूला पुढची बाजू आहे आणि पाठही. इलेक्ट्रॉन एकाच अंगाला. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन दोन बाजूंना, म्हणून तो समतोल. लिथियम पुन्हा लंगडा. लूस, बॉल आणि गिल यांनी 2015 साली या जगाची आवर्तसारणी मांडली, तिच्यात दोनच गट निघाले : अल्क धातू आणि निष्क्रिय वायू.

खरी गुंतले ती बंधात. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी, दोन ठिपके, हे अकरावीपासून डोक्यात बसलेलं. इथे दोन प्रोटॉनांच्या मध्ये एकच इलेक्ट्रॉन ठेवला. तो निसटणार कुठे? दोन्ही टोकांना शून्य होणारी साधी साइन लहर धरली आणि प्रोटॉनांमधलं अंतर बदलत किमान ऊर्जा शोधली. अंतर आलं सुमारे 1.35 अँगस्ट्रॉम, बंधऊर्जा साधारण 7.1 इलेक्ट्रॉनव्होल्ट. ढोबळ लहरीने काढलेली ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेच्या खाली कधीच जात नाही, त्यामुळे खरा बंध याहून मजबूतच असणार. आपल्या त्रिमितीतल्या याच आयनात, म्हणजे दोन प्रोटॉन आणि एका इलेक्ट्रॉनच्या जोडणीत, अंतर 1.06 अँगस्ट्रॉम आणि ऊर्जा जेमतेम 2.8. म्हणजे रेघेवरचा बंध लांब असूनही कितीतरी घट्ट! लांब बंध तो कच्चा, हा आडाखा मी इतकी वर्षं न तपासता वापरत आले. आकडे तीनदा ताडून पाहिले.

तोच इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला असता, तर मधे फक्त दोन प्रोटॉनांचं एकमेकांना ढकलणं उरलं असतं. एका इलेक्ट्रॉनची जागा, बस्स, तेवढ्यावर रेणू आहे की नाही हे ठरतं.

आता दुसरा इलेक्ट्रॉन घालायचा आहे. दोघंही आत ठेवले तर एकमेकांना रेटणार, म्हणून एक आत, एक बाहेर असंच निघेल असं वाटतंय. वहीचं नवं पान उघडून अक्ष आखून ठेवला आहे.