मायएसक्यूएल सुरू होता होता कोसळते तेव्हा : माझा अनुभव

फोंड्यातील एका सहकारी पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. चवथीच्या तोंडावर, सभासदांची पैसे काढण्याची घाई असतानाच, गडगडाटात वीज गेली आणि यूपीएसनेही साथ सोडली. वीज परत आल्यावर लिनक्स नीट सुरू झाले, खात्यांची माहिती ठेवणारे मायएसक्यूएल ८.० हे डेटाबेस-सॉफ्टवेअर मात्र सुरू होता होता कोसळू लागले.

वास्तविक केवळ वीज गेल्यामुळे इनोडीबीतील, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवणीच्या भागातील, माहिती बिघडू नये. प्रत्येक बदल आधी रिडो लॉग या बदलांच्या नोंदवहीत लिहिला जातो, १६ केबीचे एखादे पान (माहिती साठवण्याचा ठरावीक तुकडा) अर्धवट लिहिले गेले तर त्याची चांगली प्रत डबलराइट बफरमधून, म्हणजे पाने आधी लिहून ठेवण्याच्या राखीव जागेतून, मिळते, आणि पुन्हा सुरू होताना सर्व्हर रिडो लॉग लागू करून मग अपुरे राहिलेले व्यवहार (एकत्रच पूर्ण व्हायचे बदलांचे गट) मागे घेतो. आमच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत, रिडोचे काम पूर्ण झाल्याची नोंद दिसत होती. त्यानंतर व्यवहार मागे घेण्यास आरंभ झाल्याची ओळ येई आणि लगेच असर्शन फेल्युअर, सिग्नल ६, म्हणजे आतली तपासणी फसल्याने सर्व्हरने स्वतःला बंद केल्याची खूण. लिनक्सवरील सेवा चालू ठेवणारे सिस्टमडी इमानेइतबारे सर्व्हर पुन्हा उठवी, तो पुन्हा पडे आणि लॉग फुगत जाई. म्हणून पहिली गोष्ट ही की सेवा हाताने थांबवावी.

लेखा-सॉफ्टवेअरच्या पुरवठादाराचा मदत कक्ष या प्रकरणात माझ्या वाट्याला आला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या ऑनलाइन अर्जात संपूर्ण एरर लॉग जोडणे सक्तीचे होते; पण तो फुगलेला लॉग जोडायला गेले की फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे असे सांगून तोच अर्ज नकार देई. शेवटच्या पडझडीपुरता भाग कापून जोडला, तर लॉग अपूर्ण असल्याचे कारण देऊन तक्रार परत आली. फोनवरील माणूस अत्यंत नम्रपणे सर्व्हर एकदा बंद करून चालू करण्यास सांगे, जणू सिस्टमडी सकाळपासून दुसरे काही करत होते. इकडे व्यवस्थापक दर थोड्या वेळाने दाराशी येऊन ‘झाले का हो?’ असे विचारत, आणि काउंटरवर पावत्या हाताने लिहिल्या जात. अखेर कक्षाचे लेखी उत्तर आले : रिडोच्या फाइली काढून टाका, किंवा इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी ही बिघाडातही सर्व्हर बळेच सुरू करण्याची सेटिंग थेट ६ वर ठेवा.

हा सल्ला मी पाळला नाही. या सेटिंगच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या प्रत्येक पायरीत खालच्या सर्व सवलती अंतर्भूत असतात. चौथीपासून पुढे माहितीचे कायमचे नुकसान होऊ शकते. पाचव्या पायरीवर अपुरे व्यवहारही पूर्ण झाल्याचे धरले जाते, म्हणजे एका खात्यात नावे पडलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा न होताच पक्की होऊ शकते. सहाव्या पायरीवर तर रिडो लॉगच लागू होत नाही. पतसंस्थेच्या खतावणीवर हा प्रयोग करण्यास सुचवणाऱ्याने तिची तेरीज जुळवायलाही यावे, असे मला त्या क्षणी मनापासून वाटले.

सर्व्हर थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि पुढचे सर्व काम त्या प्रतीवर केले. पायरी १ आणि २ निष्फळ ठरल्या. तिसरीवर व्यवहार मागे घेण्याचे कामच वगळले जाते, आणि आमचा सर्व्हर नेमका तिथेच पडत होता. तिसरीवर तो उभा राहिला. व्यवस्थापकांना लगेच काउंटर उघडायचा होता, परंतु ही सेटिंग शून्याहून अधिक असेपर्यंत इनोडीबी नवी नोंद, बदल किंवा खोडणे काहीच स्वीकारत नाही, हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला.

सर्व नोंदी एका फाइलीत (डम्प) उतरवणारे मायएसक्यूएलडम्प सुरळीत पार पडले. तक्ते तपासणारी चेक टेबल ही आज्ञा त्यानंतरच चालवावी, कारण खराब पान वाचताना ती स्वतःच सर्व्हर पाडू शकते. आमच्याकडे व्यवहारांच्या तक्त्यातील तारखेचा दुय्यम इंडेक्स (तारखेवरून नोंदी शोधण्याची वेगळी सूची) बिघडलेला निघाला. मूळ नोंदी प्राथमिक किल्लीच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र ओळखीच्या, क्रमाने वाचल्या जात असल्यामुळे डम्पला त्याची झळ लागली नाही. तसे नसते, तर खराब भागाच्या अलीकडच्या नोंदी सुलट्या क्रमाने आणि पलीकडच्या उलट्या क्रमाने काढाव्या लागल्या असत्या.

नव्या डेटा डिरेक्टरीत डम्प भरून, आदल्या संध्याकाळी छापलेल्या रोजकीर्दीशी आणि हाती असलेल्या पावत्यांशी शिलका ताडून पाहिल्या, त्या जुळल्या. जुनी डिस्क मात्र मी पुन्हा वापरात घेतली नाही, कारण कॅशमधील लिखाण प्रत्यक्ष डिस्कवर उतरण्याआधीच ‘झाले’ असे ती कळवत असावी, असा माझा संशय आहे. आणखी एक राहिलेच : नवा सर्व्हर सुरू करण्यापूर्वी फोर्स रिकव्हरीची ओळ माय.सीएनएफ या सेटिंगच्या फाइलीतून काढून टाकावी, नाहीतर डम्प भरतानाच नोंदी नाकारल्या जातात.