फ्रीमाँट ते झायन, जून २०२२: आरव्ही घेण्याआधी हे वाचा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून युटातल्या झायन नॅशनल पार्कला आरव्हीने, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि बाथरूमची सोय असलेल्या भाड्याच्या गाडीने, जाऊन आलो. काल रात्री गाडी परत केली. हिशेब डोक्यात ताजा आहे आणि रागही, म्हणून आजच लिहून टाकते.

जाहिरातीत भाडं होतं रात्रीला १८९ डॉलर. सात रात्रींचे १,३२३. आम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले आई-अण्णा म्हणजे सासू-सासरे, अशी सहा माणसं. दोन खोल्या घेण्यापेक्षा हे स्वस्त, असं वाटलं. प्रत्यक्षात ३,९४७ डॉलर गेले. रोज १०० मैल भाड्यात धरलेले, त्यावर मैलाला ४५ सेंट. आमचे ७६० मैल जास्त झाले, त्याचे ३४२. जनरेटर तासाला ४ डॉलर, त्याचे ८८. विमा, साफसफाई आणि कर मिळून ३९०. रात्री गाडी लावायच्या जागांचे, म्हणजे आरव्ही पार्कांचे, ७१०. आणि पेट्रोलचे १,०९४.

पेट्रोलचा आकडा नीट बघा. ३० फुटी गाडी, ५५ गॅलनची टाकी. आम्ही १,४६० मैलांत १८७ गॅलन जाळले, म्हणजे गॅलनला आठ मैलसुद्धा नाहीत. याच महिन्यात अमेरिकेची सरासरी पहिल्यांदा ५ डॉलरच्या वर गेली आणि कॅलिफोर्नियाची ६.४० च्याही पुढे. आमची स्वतःची मिनीव्हॅन दारात उभी होती. तिने हाच प्रवास ३६० डॉलरच्या पेट्रोलमध्ये केला असता. उरलेल्या पैशात रात्रीला ५०० डॉलरच्या खोल्या घेता आल्या असत्या. पैसे वाचतील म्हणून आरव्ही घेणार असाल तर घेऊ नका, विषय संपला.

आता बेकरचा घाट, म्हणजे लास वेगासच्या वाटेवर वाळवंटातल्या बेकर गावानंतरचा चढ. ही सगळी खटपट मुख्यतः याच्यासाठी, कारण आमचं जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये.

पहिली रात्र बेकर्सफील्डला काढली. सकाळी पंपावर गाडी लावली, नळी आपोआप बंद झाली, नवऱ्याला वाटलं टाकी भरली. भरली नव्हती. बऱ्याच पंपांवर कार्डाला मर्यादा असते. आमची १२५ डॉलरला संपली होती. ६.३० च्या भावाने ते वीसेक गॅलन झाले. काटा पूर्ण वर गेला नव्हता, पण निघायच्या घाईत आम्ही दोघांनीही तो बघितला नाही. कार्ड दुसऱ्यांदा लावायचं, गरज पडली तर तिसऱ्यांदा. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तरी टाकी भरल्याशिवाय हलू नका.

निघाल्यापासून जनरेटर चालू होता. पुढच्या केबिनचा एसी मागे पोचत नाही, मागच्या खोलीचा एसी जनरेटरवरच चालतो. टेहाचापीचा चढ गेला, बारस्टो गेलं. बारस्टोला टाकी भरायला हवी होती, आम्ही थांबलो नाही. दुपारी दोनला बेकर आलं. तिथे १३४ फुटी थर्मामीटर आहे, १९१३ साली डेथ व्हॅलीत नोंदलेल्या १३४ फॅरनहाइटची आठवण म्हणून. त्यावर ११० दिसत होतं, म्हणजे ४३ सेल्सिअस. पंपावर भाव ७.२९. काटा पावच्या जरा वर होता. नवरा म्हणाला, "नेवाडात स्वस्त आहे, तिथे भरू." मीही हो म्हटलं.

बेकर सोडल्यावर रस्ता हॅलोरन समिटकडे चढायला लागतो. सतरा-अठरा मैलांत साधारण ३,००० फूट. अण्णांनी उभी हयात खंबाटकी घाट ओलांडण्यात घालवली, पण खंबाटकी वीस मिनिटांत संपतो. हा संपतच नाही, आणि सावली कुठेच नाही. इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्या रस्त्याच्या कडेला लागतात. समोरून वारा, गाडी ताशी ३५ मैलांवर आलेली, ट्रक बाजूने सुसाट जाताहेत. आणि निम्म्या चढावर मागचा एसी बंद पडला.

आम्हाला वाटलं जनरेटर बिघडला. मी भाड्याच्या कंपनीला फोन लावला आणि चाळीस मिनिटं होल्डवरची गाणी ऐकली. जनरेटर बिघडला नव्हता. तो गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, आणि टाकी पावच्या खाली गेली की बंद पडतो, म्हणजे जनरेटरने सगळं पेट्रोल संपवून माणूस वाळवंटात अडकू नये. चढावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, त्यामुळे आणखी लवकर बंद पडतो. गाडी ताब्यात देताना त्या माणसाने टीव्ही कसा लावायचा हे दहा मिनिटं दाखवलं. हे एक वाक्य सांगितलं नाही.

आईंना पुढच्या सीटवर आणलं, पण इंजिनच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे जात होता म्हणून पुढचाही एसी बंद करावा लागला. खिडक्यांतून भट्टीसारखी हवा येत होती. ओले टॉवेल अण्णांच्या मानेवर आणि मुलांच्या डोक्यावर. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, नुसते डोळे मिटून बसले, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. माउंटन पास ओलांडून सीमेवरच्या प्रिमला पोचलो तेव्हा पेट्रोलचा दिवा लागून बराच वेळ झाला होता. गॅलनमागे दीड डॉलर वाचवायला गेलो आणि सत्तरी पार केलेल्या माणसाला भाजून काढलं. अजून झोपताना ते डोळ्यांपुढे येतं.

तेव्हा: बारस्टोला काठोकाठ भरा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. हा टप्पा जूनमध्ये सकाळी नऊच्या आत पार करा. प्रिमलाही थोडंच भरा, लास वेगासमध्ये भाव उतरतो, युटात आणखी उतरतो. परत येताना वेगासला पूर्ण भरलं आणि बेकरला न थांबता बारस्टो गाठलं, काही त्रास झाला नाही.

झायन सुंदर आहे. दोन दिवस नदीत पाय सोडून बसलो, आई लहान मुलीसारख्या खूश होत्या. पण तिथे आरव्हीचा उपयोग शून्य. आतल्या दरीत शटलनेच जायचं, आणि पूर्वेच्या बोगद्यातून एवढी मोठी गाडी न्यायची तर २०२२ मध्ये १५ डॉलर वेगळे पडत होते.

मुक्कामाची लूट झायनबाहेरच्या हरिकेन गावाजवळ झाली. नाव लिहीत नाही. संकेतस्थळावर 'रात्रीला ६९ पासून'. शुक्रवार-शनिवार म्हणून ९८, दोन रात्री सक्तीच्या. दोघांपेक्षा जास्त मोठी माणसं म्हणून आई-अण्णांचे माणशी ८. कर धरून १२८, दोन रात्रींचे २५६. जागा म्हणजे खडी टाकलेली पट्टी, शेजारच्याचं जेवण आपल्या खिडकीत. पार्कच्या आतल्या वॉचमन कॅम्पग्राउंडला विजेची जागा ३० डॉलरला होती. ती सहा महिने आधी रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर बुकिंगला खुली होते, पॅसिफिक वेळेने सकाळी सातला, आणि मिनिटांत संपते. ती मिळाली तरच झायनला आरव्ही न्या.

बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवर फुकट राहा, असं सगळे सांगतात. खरं आहे, चौदा दिवसांपर्यंत राहता येतं. पण जूनमध्ये तिथे रात्री एसी लागतो. आठ तास जनरेटर म्हणजे ४ गॅलन पेट्रोल, वीसेक डॉलर, आणि तासाच्या दराने ३२. फुकटची रात्र ५२ ला पडते, वर आवाजाने झोप नाही. उंचावर, थंड हवेत असाल तरच त्या वाटेला जा.

एका गोष्टीसाठी मात्र आरव्ही हवीच. आईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, आणि दर तासाला बाथरूम शोधायची धास्ती त्यांना असते. ती या सात दिवसांत नव्हती. पिठलं-भात कुठेही करता आला. तेवढ्यासाठी पैसे मोजणार असाल तर मोजा, पण चार दिवस, ४०० मैलांच्या आत, आणि ऑक्टोबरमध्ये.

परत देण्याआधी टाकी स्वतः भरा आणि काट्याचा फोटो काढा. कंपनीने भरली तर गॅलनला १० डॉलर लावतात, करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. सांडपाण्याच्या टाक्याही आदल्या दिवशीच्या मुक्कामातच रिकाम्या करा. आम्ही दोन्ही केलं, तरी काउंटरवरच्या मुलाने जनरेटरचे तास २६ लिहिले होते. निघतानाचा मीटरचा फोटो माझ्याकडे होता. तो दाखवला, तेव्हा २२ झाले.