पैठण रोडवरचं नवं शहर

पुण्यात राहायला लागून पंधरा वर्षं झाली, तरी छत्रपती संभाजीनगरच्या बसस्टँडवर उतरलं की घरी आल्यासारखं वाटतं. या खेपेला नातेवाइकांकडे फक्त मुक्कामापुरतं जायचं ठरवलं होतं. बाकीचे दोन दिवस आपलं शहर कंपन्यांना कसं बोलावतंय, ते बघण्यासाठी राखून ठेवले होते.

सकाळी जालना रोडनं शेंद्र्याला गेलो. 2001 साली स्कोडा इथं आली तेव्हा आसपास माळरानच होतं. आता ऑरिक. शेंद्रा आणि बिडकीन मिळून जवळपास दहा हजार एकरांचं उद्योगनगर. ऑरिक हॉलचं, म्हणजे इथल्या कारभाराच्या इमारतीचं, उद्घाटन 2019 मध्ये झालं. समोरच्या रस्त्यावर बराच वेळ नुसता चालत राहिलो. डोक्यावर एकही लोंबती तार नाही. फुटपाथच्या कडेनं लोखंडी झाकणं ओळीनं बसवलेली. वीज, पाणी, सांडपाणी, केबल, सगळं जमिनीखालून. आधी प्लॉटच्या तोंडाशी सगळं आणून ठेवायचं आणि मग गिऱ्हाईक बोलवायचं, ही पद्धत मला मनापासून पटली. कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा स्पॅन्डेक्स, म्हणजे ताणला जाणारा धागा, इथंच निघतो.

या शहराला स्वतःची ओळख करून द्यायची हौस जुनीच. 1985 ला बजाज वाळूजला आली आणि सुट्या भागांच्या वर्कशॉपांनी तो सगळा पट्टा भरून गेला. 2010 मध्ये इथल्या उद्योजक-डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या. गाड्यांचं मला तेवढं कौतुक नाही. पण ‘आमच्याकडेही बघा’ हे एका मध्यम शहरानं जगाला ठणकावून सांगितलं, त्याचा तेव्हाही अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

दुसऱ्या दिवशी पैठण रोडनं बिडकीन. टोयोटा किर्लोस्करनं जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी वीस हजार कोटींचा करार केला, तो इथल्या कारखान्यासाठी. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीनंही हीच जागा निवडली. काळ्या मातीत आखलेले चौकोन, मुरमाचे ढीग, मधूनच एखाद्या जुन्या बांधावरची बाभळ तशीच उभी. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या मावशींनी कुठून आलात विचारलं. पुणे म्हटल्यावर म्हणाल्या, “आमचं पोरगं तिकडंच हाये, रांजणगावला. कंपनी चालू झाली की वापस बोलावते त्याला.” कप विसळता विसळता बोलल्या, पण माझ्या घशात आवंढा आला. मीही त्याच वाटेनं गेलेला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. जायकवाडीचं एवढं धरण हाकेच्या अंतरावर, आणि शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड. बहिणीच्या अंगणात निळे ड्रम ओळीनं ठेवलेले. कारखाना प्लॉटवर उभा राहतो, पण त्यातला इंजिनिअर, मग तो जपानचा असो की जालन्याचा, बायको-पोरांसह शहरात राहतो. त्याच्या घरच्या नळाला रोज पाणी येणं हेसुद्धा गुंतवणूक आणण्याचंच काम आहे. माझ्या मते सगळ्यात आधीचं.

बिडकीनवरून पुढं पैठणला गेलो. सातवाहनांचं प्रतिष्ठान ते हेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात पैठणचं नाव येतं : गुजरातमधल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. इथून गाड्या भरभरून गोमेदासारखे खडे बंदरावर जात आणि पुढं जहाजानं परदेशी. म्हणजे परदेशाशी व्यापार या मातीला नवा नाही, मध्ये खंड पडला एवढंच. गोदावरीच्या घाटावर पायरीवर बसून मी त्या वीस दिवसांच्या वाटेचा विचार करत होतो. आता समृद्धी महामार्गानं मुंबई काही तासांवर आली आहे.

संध्याकाळी पैठणच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. पाच-सहा पोरं पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेली सतरंजी घेऊन चढत होती. शेजारी बसलेल्याला विचारलं, कुठं?

“चाकण,” तो म्हणाला. “आयटीआय झालंय. फिटर.”

मी त्याला बिडकीनचं सांगितलं. त्यानं लगेच मोबाइल काढला आणि विचारलं, “भरती कधी निघणार, काका?”