भाडे भरून आलेली माणसे

मॉरिशसच्या वहिनींनी पाठवलेली एका जुन्या नोंदीची प्रत काल रात्रीपासून टेबलावर उघडीच पडलेली आहे. त्यांच्या खापरपणजोबांचे त्यात सगळे काही आहे: क्रमांक, बापाचे नाव, जात, वय, उंची, रत्नागिरी जिल्ह्यातले गाव, मुंबईहून सुटलेल्या जहाजाचे नाव आणि डाव्या दंडावरचा भाजल्याचा व्रण. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही असावा, पण झोप उडवली ती त्या व्रणाने. त्यांच्या माणसाचा व्रणसुद्धा इतकी वर्षे टिकला; आमच्या बायआजीचे बोटीवर चढल्याचे सालही आम्हाला सांगता येत नाही.

वास्तविक बायआजी एका परक्या राज्यातून दुसऱ्या परक्या राज्यात आली. गोवा पोर्तुगिजांचा, मुंबई इंग्रजांची. जकात वेगळी, कचेरीची भाषा वेगळी. मुरगावहून कॅसलरॉकमार्गे आगगाडी 1888 मध्ये सुरू झाली होती, तरी ती आगबोटीनेच आली, एवढे मात्र घरात सगळे ठामपणे सांगतात. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत, धक्का नसेल तिथे पडावांतून माणसे उतरवत आणि चढवत बोट मुंबईला लागे. पावसाळ्यात ही वाहतूक बंदच असे. विलायतेहून येणाऱ्या साहेब-मडमांची नावे वर्तमानपत्रांत छापून येत असत. बोट लागली म्हणून नाकाशी लिंबू धरून डेकवरच्या चटईवर आडव्या झालेल्या बाईचे नाव कोण छापणार?

याचेच मला पुन्हा पुन्हा वाईट वाटते. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात 1595 सालची. चार शतकांचे कागद जिथे आहेत, तिथे आमच्या घरातली एक बाई नसावी! मुंबईतही ती नाही. आहे ती फक्त आप्पांच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आणि तीही अशी: ‘बोटभाडे, माणसे दोन, मूल एक’. पुढची रक्कम कसरीने खाल्ली आहे. दोन माणसांतले एक माणूस ती असावी, असे आम्ही धरून चाललो आहोत. मूल कोणते, हा प्रश्न काकांसमोर काढण्यात अर्थ नाही.

आज दुपारी दादाचा फोन आला. मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेतून ती नोंद घेऊन आल्यावर वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत, असे तो म्हणाला, आणि मग मी तो कागद पुन्हा वाचायला घेतला. 1834 पासून सुमारे साडेचार लाख माणसे मळ्यांतल्या मजुरीच्या करारावर त्या बेटावर उतरवली गेली. त्यांची उंची मोजली आणि व्रण टिपले, ते वंशजांच्या सोयीसाठी खासच नव्हे. मळ्यातून माणूस पळाला तर त्याला ओळखता यावे, हा त्यातला हिशेब होता. आणि त्या पहाऱ्याच्या दप्तराचा मी रात्रभर हेवा करीत बसले होते. बायआजी पळाली असती तर तिला शोधायला कोणी सरकारी शिपाई निघणार नव्हता. (सासरचे निघाले असते, ती गोष्ट निराळी.) तिने, किंवा आप्पांनी तिच्यासाठी, भाडे मोजले, आणि मुंबईच्या धक्क्यावर ती कोणाला काही न सांगता उतरली. इतक्या निर्धास्तपणे आलेल्या बाईने माझ्यासाठी पुरावा ठेवायला हवा होता, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तरीही साल मिळाले असते तर बरे झाले असते, हे माझे म्हणणे कायम आहे.

काकांच्या वंशावळीचे छपाईचे काम या महिन्यात सुरू होईल. लेकीसुनांसाठी तिच्यात जागा ठेवली, तीच मुळी भांडून. बायआजीच्या नावापुढे मी ‘गोव्याहून आगबोटीने, भाडे भरून’ असे लिहून पाठवले आहे. काका ते खोडतील आणि तारीख मागतील. मग मी रोजकीर्दीच्या त्या पानाची प्रत त्यांना पाठवीन, कसरीसकट.